कामतघरचा फळा

कामतघरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीला लागून, पत्र्याच्या छपराखाली एक फळा होता. पक्षाच्या शाखेने तो बसवला होता, वर पक्षाची निशाणी रंगवली होती, पण त्याला पक्षाचा फळा कोणी म्हणत नसे. तो पेठेभाऊंचा फळा होता. रात्रपाळीचे कारागीर चहाला येण्याच्या सुमारास शरच्चंद्र पेठे धुतलेला लेंगा-सदरा घालून नाक्यावर हजर होत. ओल्या फडक्याने कालचं पुसायचं, फळा वाळेपर्यंत अर्धा चहा घ्यायचा आणि मग लिहायला उभं राहायचं. वर पिवळ्या खडूने मथळा, खाली पांढऱ्याने बातमी, तळाला चौकटीत सुविचार. ओळ फळ्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत भरलेली हवी. अर्धवट सुटलेली ओळ त्यांना बटण तुटलेल्या सदऱ्यासारखी वाटे.

नगरपालिकेत त्यांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिण्यात नोकरी काढली होती. त्यामुळे भिवंडीतल्या कितीतरी माणसांची नावं पहिल्यांदा त्यांच्याच अक्षरात कागदावर आली होती. माणसं हे विसरत नाहीत. भाऊंनी लिहिलं म्हणजे ते तसंच असणार, असं नाक्यावर धरून चालत.

पेठ्यांचं मूळ घर गावातल्या ब्राह्मण आळीत. वाटण्या झाल्या, भावांची तोंडं फिरली, तेव्हा ते बायकोला घेऊन कामतघरला तुळशीराम भोईरच्या चाळीत राहायला आले आणि तिथलेच झाले. बायकोला सगळी चाळ माई म्हणे. तुळशीराम इथलाच आगरी माणूस. बापाने खाडीकाठची जमीन विकून माग घेतले होते, ते आता तो चालवत होता. चाळीच्या मागेच त्याचा कारखाना. दिवसभर मागांचा खडखडाट पेठ्यांच्या भिंतीतून येई. भिंतीला टेकून बसलं की पाठीला कळे, माग चालू आहेत की लाईट गेली आहे.

आता मंत्र्यांविषयी. त्यांचं नाव लिहिण्याचं कारण नाही. दिल्लीत ते याच पक्षाचे मंत्री होते आणि भिवंडीत पेठे त्यांचे भक्त होते, एवढं पुरे. या भक्तीला कारण होतं. फार वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या कारकुनांचे पगार थकले होते, तेव्हा फाटकाशी मांडव घालून पेठ्यांसह सगळे कारकून उपोषणाला बसले होते. हा माणूस तेव्हा विरोधी पक्षात होता, कुठूनसा आला आणि दिवसभर त्यांच्यात सतरंजीवर बसून राहिला. त्यांच्याच माठातलं पाणी प्यायला. संध्याकाळी भाषणात म्हणाला, "ये पेठेजी बैठे हैं, इनके घर चूल्हा नहीं जला, और साहब लोग दावत खा रहे हैं." पेठ्यांचं नाव तोवर माइकवरून कोणी घेतलं नव्हतं.

तो माणूस पुढे मोठा झाला, दिल्लीत गेला, मंत्री झाला, आणि त्याची जीभ सुटली. आज इथे एक बोलायचा, उद्या तिथे दुसरं. दिल्लीतले पत्रकार माइक घेऊन त्याच्या मागेच असत. पेठे वाचनालयात जाऊन हिंदी पेपर वाचत, कपाळाला आठ्या घालत आणि नाक्यावर येईपर्यंत वाक्य सरळ करत आणत. मंत्री म्हणाले, मास्तर फुकटचा पगार खातात. फळ्यावर आलं, 'शिक्षकांनी अधिक जोमाने कार्य करावे.' मंत्री म्हणाले, फेरीवाल्यांना लाथा घालून उठवा. फळ्यावर आलं, 'रस्ते मोकळे राहावेत, यासाठी मंत्रिमहोदय आग्रही.'

माईंना हे ठाऊक होतं. पेपर त्याही वाचत.

"रोज त्यांची धुणी धुता," त्या म्हणत. "डाग काढून, इस्त्री करून टांगता नाक्यावर."

"अगं, नाक्यावर बायकापोरं वाचतात. शिव्या लिहायच्या का? माणूस मनाने वाईट नाही. बोलण्यात घसरतो."

"घसरतो तर पडू दे की एकदा. तुम्ही कशाला हात देता?"

यावर पेठे खडूची पेटी काखेत मारून निघत.

दोन हजारनंतरची ती वर्षं भिवंडीला वाईट गेली. लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नव्हता. भारनियमनात माग बंद, कारागीर ओट्यावर पत्ते कुटत बसलेले, कापडाला उठाव नाही. यंत्रमागवाल्यांनी मोर्चा काढला. त्यावर दिल्लीत कोणीतरी मंत्र्यांना विचारलं आणि मंत्री बोलले. म्हणाले, भिवंडी चोरों की बस्ती है. बिजली चुराते हैं और रोते हैं. पुराना लोहा लेकर बैठे हैं, कबाड़ी को बेच दो, सरकार के भरोसे मत बैठो.

त्या सकाळी पेठे फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. चोरांची वस्ती हे शब्द त्यांच्या हाताने लिहिले जाणं शक्य नव्हतं. ज्या वस्तीतल्या माणसांची नावं त्यांनी नोंदली, तिला चोर कसं म्हणायचं? आणि ज्या माणसाने आपलं नाव भर मांडवात घेतलं, तो असं म्हणाला हे तरी कसं लिहायचं? शेवटी त्यांनी लिहिलं, 'जुने माग मोडीत काढून नव्याची कास धरावी, मंत्रिमहोदयांचे यंत्रमागधारकांना आवाहन.' लिहून झाल्यावर मागे सरून पाहिलं. शेवटची ओळ अर्ध्यावरच संपली होती. उजवीकडे फळा काळा दिसत होता. पेठ्यांनी पुढे होऊन दोन शब्द घातले. 'सरकार पाठीशी.' ओळ कडेला भिडली.

दुपारी लाईट गेल्यावर तुळशीराम नाक्यावर आला. फळा वाचला, पुन्हा वाचला आणि तडक पेठ्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, ह्या पाठीशी म्हंजे काय? जुने माग काढले तर सरकार नवीन देनार?"

पेठे सुपारी कातरत होते. हात थांबला. माई आतल्या दाराशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मंत्री बोलतात तेव्हा त्यामागे काही धोरण असणारच, तुळशीराम."

"न्हाय, आमचा मागावरचा मुस्तकीम बोलतो, मंत्रीने कबाड़ बोला, शेठ, गाली दिया. मी त्याला बोल्लो, तुझा उर्दू पेपर ठेव तुझ्याकडं, आमच्या भाऊंनी काय लिवलाय तो बघ." तुळशीराम हसला. "मंग, भाऊ? धोरन हाय ना?"

हीच ती वेळ होती. 'नाही' हा एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारायचा तर आजवरच्या सगळ्या सकाळी कबूल कराव्या लागल्या असत्या.

"असायला हवं," पेठे म्हणाले.

"मंग जो पैल्यांदा मोडंल, त्याचा नंबर पैला," तुळशीराम म्हणाला आणि गेला.

माई बाहेर आल्या. कातरलेली सुपारी उचलून डब्यात टाकली आणि झाकण जोरात लावलं.

तुळशीरामच्या घरी दोन मतं होती. मुलगा मनोज म्हणे, "बाबा, माग काढायचे तर काढा, पन त्या जागेत गोडाऊन करू. मानकोलीला बघा, सगले तेच करतात." हौसा, तुळशीरामची बायको, म्हणे, "सासऱ्यांनी जमीन घालून घेतलेले माग हाय. बंद राहूं दे, पन उभे राहूं दे." तुळशीराम दोघांनाही एकच सांगे. "भाऊंनी लिवलाय. सरकार पाठीशी हाय."

निजामपुऱ्यातून भंगारवाले आले. माग उभारायला जेवढा वेळ लागतो त्याहून मोडायला कमी लागतो. घणाचे घाव पडत होते, तेव्हा पेठे घरातच होते. भिंतीला पाठ लावून बसले होते. भिंत एकेका घावाने हादरत होती. मुस्तकीम तिथेच उभा होता. इतकी वर्षं त्याने त्या मागांवर काढली होती. त्याने आडवा धागा नेणारा एक धोटा उचलून पिशवीत टाकला, तुळशीरामला सलाम केला आणि गावाकडची गाडी धरली. मग सगळं शांत झालं. पेठ्यांच्या पाठीला त्यानंतर कधीच काही कळलं नाही. लाईट आहे की गेली, ते आता दिव्याकडे बघूनच समजायचं.

पावसाळा सरता सरता दिल्लीत निर्णय झाला. यंत्रमागांना मदत मिळणार, व्याजात सूट, विजेत सवलत, नव्या मागांना अनुदान. मात्र ज्यांचे माग निर्णयाच्या दिवशी चालू असतील, त्यांनाच. पेपरमध्ये हे शेवटच्या परिच्छेदात होतं. पेठ्यांनी मथळा लिहिला, 'यंत्रमागधारकांना दिलासा,' खाली सवलती लिहिल्या, आणि अटीपाशी आल्यावर खडू मोडला. त्यांनी अटीच्या जागी सुविचाराची चौकट मोठी काढली.

तुळशीराम पेढे घेऊन आला. पहिला पेढा पेठ्यांच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबाने विचारलं, "माग कुठे आहेत? चालू दाखवा." तुळशीराम म्हणाला, "सरकारनेच मोडायला सांगितले." साहेबाने त्याच्याकडे नीट पाहिलं, शिपायाला हाक मारली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तरीही त्याचा विश्वास मोडला नाही. हेच सगळ्यात कडू. घरी येऊन तो म्हणाला, "हे खालचे लोक मधल्यामधी खातात. मंत्र्याला ठावंच नसंल." मनोजने तोवर मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये वॉचमनच्या नोकरीचं त्याच्यासाठी बोलून ठेवलं होतं. तुळशीरामने हो-नाही केलं नव्हतं. माग मिळाले तर मालक, नाही तर वॉचमन, असं त्याचं सगळं टांगणीला लागलं होतं.

आणि मंत्र्यांचं भिवंडीला यायचं ठरलं. मानकोलीत नव्या गोडाऊन-संकुलाचं उद्घाटन होतं. शाखाप्रमुख बाळाराम फळ्यापाशी आला.

"भाऊ, फर्स्टक्लास लिवा. अन् स्टेजवर तुमीच बोलायचं. मंत्री हिंदीत बोलनार, मधी मधी तुमी मराठीत सांगायचं. तुमच्यासारखा गोड कोन सांगनार?"

तुळशीराम तिथेच उभा होता. "मी पन येतो, भाऊ. तुमी हायच वरती. दोन मिनटं भेटवा. मी विचारतो त्याला तोंडावर."

"गर्दी असते रे. कशाला..."

"तुमचा तर वळखीचा हाय."

पेठ्यांना ताप आला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. आला नाही.

मानकोलीला मोठा मांडव होता. मंत्री उशिरा आले. अंगाने सुटले होते, पण आवाज तोच. पेठे वाकून नमस्कार करायला गेले. "आपल्या उपोषणात... पेठे," ते म्हणाले. "हाँ हाँ, बहुत अच्छा," मंत्री म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागले. सत्कार झाले, फीत कापली गेली, भाषण सुरू झालं. गोडाऊन म्हणजे भविष्य, माग म्हणजे भूतकाळ, असं काहीसं. पेठे मधून मधून मराठीत सांगत होते, नेहमीसारखं, काटे काढून.

तेवढ्यात तुळशीराम स्टेजच्या पायरीपर्यंत पोचला. पोलिसाने अडवलं, पण तो खणखणीत आवाजात हिंदीत बोलला. भिवंडीच्या माणसाला हिंदी शिकवावं लागत नाही. "साहब, आपने बोला था लूम तोड़ दो, सरकार पीछे खड़ी है. मैंने तोड़ दिया. अब ऑफिसवाला बोलता है चालू लूम दिखाओ."

मंत्र्यांनी पोलिसाला हात केला. "आने दो." मग माइक हातात घेऊनच विचारलं, "किसने कहा सरकार पीछे खड़ी है?"

"आपने, साहब."

"मैंने?" मंत्री हसले. "भाई, मैंने तो कहा था, कबाड़ी को बेचो और सरकार के भरोसे मत बैठो. टीवी पर कहा, आज फिर कहता हूँ." तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं. बोलणाऱ्या माणसाला गर्दीपुढे नेहमीच काहीतरी सुचतं. "लेकिन वाह! पूरी भिवंडी मुझे गाली देती रही, एक इस आदमी ने मेरी बात मानी! अरे, इनका सत्कार कीजिए. शॉल लाओ!"

टाळ्या पडल्या. आधी पुढच्या खुर्च्यांतून, मग सगळीकडून. बाळाराम शाल-श्रीफळाचं ताट घेऊन धावला आणि जाता जाता पेठ्यांच्या कानाशी म्हणाला, "भाऊ, बोला ना काहीतरी!"

माइक पेठ्यांच्या तोंडाशी होता. ओठ सवयीने उघडले. "पुरोगामी विचारांचे यंत्रमागधारक श्री. तुळशीराम भोईर यांचा मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते..."

तुळशीराम स्टेजवर उभा होता. अंगावर शाल, हातात नारळ. फोटोवाले त्याला इकडे बघा म्हणत होते. तो फोटोवाल्यांकडे बघत नव्हता. तो पेठ्यांकडे बघत होता. रागाने नव्हे. नोंदीसाठी आलेला माणूस खिडकीतून आत बघतो तसा, आत बसलेल्याने आपलं नाव काय लिहिलं ते वाचू बघणारा.

घरी दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी आले.

संध्याकाळी हौसा पेठ्यांच्या दारात आली. माईंनी बस म्हटलं, ती बसली नाही. घडी केलेली शाल तिने उंबऱ्याच्या आत ठेवली.

"भाऊंना द्या, माई. त्यांची हाय ती. त्यांनीच मिलवून दिली."

"हौसा, अगं..."

"न्हाय, तसा काय न्हाय. नारळ ठेवलाय मी. उद्या कालवनाला होईल."

ती गेल्यावर माईंनी शाल उचलली नाही. ओलांडूनच आतबाहेर करत राहिल्या. जेवताना एवढंच म्हणाल्या, "आता उद्या काय लिहिणार? 'आमच्या घरमालकाचा सत्कार'?"

पेठे रोजच्यापेक्षा लवकर नाक्यावर गेले. फळा पुसला, वाळायची वाट न बघता लिहायला घेतलं. मंत्री मोर्चाच्या वेळी जे बोलले होते ते आणि काल जे बोलले ते, शब्दाला शब्द. 'भिवंडी ही चोरांची वस्ती आहे. जुने लोखंड भंगारवाल्याला विका. सरकारच्या भरवशावर बसू नका.' खाली लिहिलं, 'मंत्री हेच बोलले होते. सरकार पाठीशी, असे ते बोललेले नाहीत. ते शब्द माझे. श. पेठे.' ओल्या फळ्यावर अक्षर फिसकटलं, ओळी तिरप्या गेल्या, शेवटची तर अर्धीच राहिली. त्यांनी ती तशीच सोडली.

गर्दी जमायला वेळ लागला नाही.

"आयला, भाऊंना काय झाला?"

"विरोधकांनी फोडला वाटतं. निवडनूक येतेय."

"मंत्र्याने वळख नाय दाखवली काल स्टेजवर, मी बघितला ना. त्याचाच राग."

"वय झाला रे. अक्षर बघ ना कसा झालाय."

"अरे, मी खरं लिहिलंय," पेठे म्हणाले. "पेपर काढून बघा. मुस्तकीम तेव्हा सांगत होता..."

"कोन मुस्तकीम? गेला ना तो गावाला?"

बाळाराम मोटारसायकलवरून आला. वाचलं, आणि टपरीवाल्याच्या बादलीत फडकं बुडवू लागला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "तुळशीराम आला! त्याला विचारा, तो काल मंत्र्याच्या बाजूला होता."

तुळशीराम मानकोलीची रिक्षा धरायला आला होता. अंगात निळा शर्ट, खिशावर गोडाऊनच्या नावाची शिवलेली पट्टी. नवा असल्याने शर्टाच्या घड्या मोडल्या नव्हत्या. सगळे बाजूला झाले. पेठ्यांच्या हातात अजून खडू होता. ते म्हणाले, "तुळशीराम, सांग यांना. तू ऐकलंस काल."

तुळशीरामने फळा वाचला. सावकाश, नेहमीसारखा, ओळीवर नजर सरकवत शेवटच्या अर्ध्या ओळीपर्यंत. मग तो पेठ्यांकडे वळला.

"मना काय विचारता, भाऊ?" तो म्हणाला. "मी तर फळ्यावरचाच धरून चालतो."

लोक खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाळारामने तेवढ्यात फळ्यावरून फडकं फिरवलं, वरपासून खालपर्यंत, आणि पेठ्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या, भाऊ. आज नुसता सुविचार लिवा. बातमी आमी बघतो."

तुळशीराम रिक्षात बसला. पेठे खडू घेऊन ओल्या फळ्यापुढे उभे राहिले, आणि फळा वाळून पांढुरका झाला तरी त्यांना सुविचार सुचला नाही.